कॉल बुक

परिचारिकांच्या या परिषदेनं मला अध्यक्षपदाचा मान दिला. ज्या सहकारी यंदा आपल्यात नाहीत त्यांना आपण मघाशी उभं राहून आदरांजली वाहिली. रात्रपाळी संपवून थेट इथे आलेल्या मुली मागच्या रांगेत बसल्यात. त्यांना डुलकी लागली तर मला राग येणार नाही.

कार्यकारिणीनं मला विषय दिला तो असा : ‘घरून करता येणारी आरोग्यसेवेतील व परिचर्येतील कामे – आढावा आणि दिशा’. आढाव्याची चौदा पानं मी काढली होती. काल रात्री ती परत वाचली आणि बाजूला ठेवली. कारण या विषयावर मला खरं म्हणजे एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती बोलायची संधी मिळावी म्हणून मी बरीच वर्षं थांबले आहे.

तरी थोडक्यात सांगते, नाहीतर सचिव रागावतील. घरून करायची कामं आज खरोखर आहेत. पहिलं मेडिकल कोडिंग. अमेरिकेतल्या रुग्णालयांचे कागद वाचायचे आणि आजारांना, उपचारांना सांकेतिक क्रमांक द्यायचे. १ ऑक्टोबर २०१५ला तिकडे आयसीडी-१० लागू झालं, तेव्हापासून क्रमांकांचं जंगल आणखी दाट झालं, आणि शरीरशास्त्र येणाऱ्या माणसांना मागणी राहिली. दुसरं विमा दाव्यांची छाननी. तिसरं औषधांच्या दुष्परिणामांच्या तक्रारी तपासून नोंदवणं. हे सगळं काम कागदाशी. माणसाशी बोलण्याचं काम वेगळं : मधुमेह-रक्तदाबाच्या रुग्णांना ठरावीक दिवशी फोन करणं, बाळंतिणींना सल्ला, ऑपरेशन होऊन घरी गेलेल्यांची विचारपूस. सरकारची दूरसल्ल्याची ई-संजीवनी आहे. मानसिक आरोग्यासाठी २०२२च्या ऑक्टोबरात सुरू झालेली टेली-मानस आहे, क्रमांक १४४१६. ती घरून करायची नाही, पण काम कानानंच करायचं.

आणि एक इशारा. ‘अमेरिकेतल्या पेशंटना घरबसल्या नर्सिंग सल्ला द्या, परवान्याची गरज नाही’ अशी जाहिरात दिसली की फोन खाली ठेवा. तिकडे रुग्ण ज्या राज्यात बसलाय त्या राज्यात चालणारा परवाना लागतो. काही राज्यांनी एकमेकांचे परवाने मान्य करण्याचा करार केलाय, पण तोही तिथल्याच परवान्यांचा. माझ्या एका विद्यार्थिनीनं ‘मेडिकल टायपिंग’च्या कामासाठी आठ हजार अनामत भरली. कामही गेलं, आठ हजारही गेले. मुलींनो, पगार देणारा आधी तुमच्याकडून पैसे मागत नाही. झाला आढावा.

आता सकाळच्या परिसंवादाकडे येते. एका भगिनीनं ठासून सांगितलं की रुग्णाला हात लावल्याशिवाय जी होते ती नर्सिंगच नव्हे. दुसऱ्या म्हणाल्या, नव्या काळाबरोबर चला. टाळ्या दोघींना सारख्याच मिळाल्या. मी निवाडा करणार नाही, अनुभव सांगते.

दोन पावसाळ्यांपूर्वी रात्री साडेदहाला ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. बाळ आठ महिन्यांचं, दोन दिवस सर्दी, ‘श्वास जरा जोरात वाटतो’. मी म्हटलं, झबलं वर कर, दिवा लाव, पोट दिसतंय? पोट वर आलं की मला ‘एक’ म्हण, मी घड्याळ लावते. तिनं पूर्ण मिनिट मोजलं. चौसष्ट. या वयाला पन्नास ही हद्द, हे इथे सगळ्यांना पाठ आहे. मी तिला म्हटलं, बाळाला शालीत गुंडाळ आणि निघ. न्यूमोनियाच होता. बाळाला हात तिनं लावला, मोजायला मी लावलं. यात नर्सिंग कुठे झालं ते तुम्ही ठरवा. आणि घरून काम म्हणाल तर, फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५६ साली क्रिमियाहून परतल्यावर आजारी पडली, पुढे कित्येक वर्षं लंडनच्या घरातून, पुष्कळदा अंथरुणावरूनच काम करत राहिली. हिंदुस्थानात तिनं एकदाही पाऊल ठेवलं नाही. पण इथल्या लष्करी ठाण्यांना छापील प्रश्न पाठवून उत्तरं मागवली आणि दरसाल हजारी ६९ सैनिक मरतात हे सरकारच्या तोंडावर मांडलं. दर १२ मेला आपण मेणबत्ती लावतो ती हिच्याच नावानं. तेव्हा ‘घरून काम’ या शब्दांना नाकं मुरडू नका.

नाइटिंगेलनं लिहून ठेवलं. माझं भांडण तिथेच आहे.

वॉर्डात आपल्याकडे कॉल बुक असतं. ओळखीचीच वस्तू आहे : लाल-काळ्या पुठ्ठ्याची वही, कोपरे झिजलेले. रुग्णाचं काही बिघडलं की आपण त्यात लिहितो, बेड नंबर, तक्रार, वेळ, ‘कृपया तपासावे’, खाली सही. वॉर्डातले मामा ती घेऊन ड्यूटी डॉक्टरांकडे जातात, डॉक्टर सही आणि वेळ टाकतात. पुढे चौकशी झाली की आर.एम.ओ. पहिल्यांदा केसपेपर नाही, कॉल बुक मागवतात. बारा दहाला लिहिलं, डॉक्टरांनी बारा पन्नासला सही केली, मधल्या चाळीस मिनिटांचं उत्तर कोणी द्यायचं ते वही सांगते. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत मला वाचवलं असेल तर देवानं आणि या वहीनं. देवाची सही कुठे दिसली नाही.

फोनला मात्र कॉल बुक कधीच नव्हतं.

१९९१ साल. कोकणातल्या एका तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. फोन अपघात विभागात, काळा, जड. पावसाची रात्र, अकरा वाजून गेलेले. एका गावातून दुकानाच्या फोनवरून माणूस बोलतो, ‘बाई, पोराला इंचू चावलाय. मांत्रिक आलाय, उतरवतोय. दुखणं कमी झालंय, पण घाम लय सुटलाय. सकाळी आणलं तर चालेल ना?’ मी विचारलं, हातपाय कसे आहेत? ‘गार पडलेत.’ तोंडातून लाळ? ‘हाय की.’ महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं लाल विंचवावरचं काम तेव्हा कोकणात आमच्या कानावर आलेलं होतं. दुखणं कमी आणि घाम जास्त, म्हणजे विष हृदयाकडे निघालंय. मी म्हटलं, सकाळ नको, मांत्रिकालाही गाडीत घ्या, पण आत्ता निघा. चिऱ्याच्या ट्रकमधून दीड तासात आले. डॉक्टरांनी प्राझोसिन दिलं, पोरगा वाचला. चौथ्या दिवशी बाप डॉक्टरांच्या पाया पडला आणि भाबडेपणानं म्हणाला, ‘त्या शिस्टरबाईंनी फोनवर सांगितलं म्हणून आलो, न्हायतर सकाळची वाट बघत होतो.’

आठवड्यानं मला मेमो मिळाला. रुग्ण न पाहता, वैद्यकीय अधिकाऱ्यांची परवानगी न घेता, दूरध्वनीवरून परस्पर सल्ला दिल्याबद्दल खुलासा करावा. खुलासा केला, माफीही मागितली. त्या मेमोची झेरॉक्स आज माझ्या पर्समध्ये आहे. मूळ प्रत विरली.

त्या मेमोतल्या गुन्ह्याची आज जाहिरात येते. पदाचं नाव इंग्रजीत, लॅपटॉप कंपनीचा, काम घरून. इंग्लंडनं १९९८ साली एनएचएस डायरेक्ट काढून नर्सना फोनवर बसवलं तेव्हा मी वर्तमानपत्रातलं कात्रण कापून मेमोला टाचलं होतं. हा माझा खोडसाळपणा.

निवृत्तीनंतर मी स्वतः असं काम केलं, एका खासगी कंपनीचं, दोन वर्षं. झोपायच्या खोलीत टेबल, कानात हेडफोन, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. दिवसाला चाळीस मधुमेही. समोरच्या पडद्यावर चौकोन : औषध घेतलं, होय की नाही, आहार पाळला, होय की नाही, वेदना एक ते दहा. जालन्याकडच्या एक आजी म्हणाल्या, ‘सुई घेते गं, पण फ्रीज नाही, माठाजवळ ओल्या फडक्यात ठेवते.’ उन्हाळ्यात इन्सुलिन सांभाळायची ही उत्तम रीत. याला चौकोन नव्हता. दुसऱ्या एकांना मी विचारलं, वेदना एक ते दहामध्ये किती? ते म्हणाले, ‘वेदना नाही, नुसती कळ आहे.’ तिसरे म्हणाले, ‘पायाला मुंग्या येत होत्या, आता त्याही येत नाहीत, बरं वाटतंय.’ बरं वाटतंय! पाय बधिर झालाय, उद्या खिळा रुतला तरी कळणार नाही. पडद्यावर काय उमटलं? वेदना : शून्य. प्रगती : चांगली.

मी ‘इतर’ या चौकोनात त्यांचे शब्द मराठीत टाइप करायला लागले. टीम लीडरचा फोन आला. वय सव्वीस, स्वभावानं चांगला, मला मॅडम म्हणायचा. ‘मॅडम, तुमचा कॉल सरासरी सात मिनिटांचा होतोय, चारचा हवा. आणि इतरमध्ये एवढं लिहू नका, ते कोणी वाचत नाही.’ काम सोडलं त्या दिवशी दुपारी दोनला माझं लॉगिन बंद झालं. दोन वर्षांत जे बोलले, लिहिलं, ते कंपनीचं. फोन ध्वनिमुद्रित व्हायचे, पण ते ऐकायचा हक्क त्यांना. उद्या त्यातल्या एखाद्या रुग्णाचं काही झालं आणि कोणी विचारलं की बाई, तुम्ही काय सांगितलंत, तर माझ्याकडे दाखवायला काय आहे? पगाराची स्लिप.

कायद्याकडे बघा. २५ मार्च २०२०ला, सगळे घरात कोंडले गेले त्याच दिवशी, दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर झाली. ती नोंदणीकृत डॉक्टरांसाठी. त्यांनी संवादाची नोंद ठेवावी, कागद जपावेत, हे स्पष्ट लिहिलंय. परिचारिका त्यात आहे, नाही असं नाही. ती रुग्णाच्या बाजूला बसून डॉक्टरांना फोन लावून देते. फोनच्या दुसऱ्या टोकाला, सल्ला देणाऱ्या जागी, ती मला काही दिसली नाही. आपला १९४७चा कायदा जुना झाला म्हणून २०२३ साली नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोगाचा नवा कायदा झाला. आपले प्रतिनिधी तिथे जातील तेव्हा पगारश्रेणी मागतीलच, मागावीच. पण माझ्यासाठी एक ओळ मागा : फोनवर परिचारिका जे सांगेल ते तिच्या नावानं, तिच्या नोंदणी क्रमांकासह लिहिलं जाईल, आणि त्याची प्रत तिला मिळेल.

मघाशी चहाच्या वेळी एक तरुण भगिनी मला म्हणाली, ‘मॅडम, नाव लागलं तर जबाबदारीही आपल्यावर येईल. आत्ता बरं आहे, सगळं कंपनीच्या नावावर जातं.’ तिला तिथे उत्तर दिलं नाही. आता देते. हे मी कुठे बोललेली नाही.

मेमोनंतर मी शहाणी झाले होते. फोन आला की ठरलेलं वाक्य : ‘सकाळी ओपीडीला या.’ १९९६च्या हिवाळ्यात पहाटे तीनला एका बाईंचा फोन आला. पन्नाशीतल्या असाव्यात. घरात कोणी नव्हतं, स्वतःच बोलत होत्या. आधी माफी मागितली, सिस्टर, तुमची झोपमोड केली म्हणून. मग म्हणाल्या, ‘कसंतरीच होतंय. घशाशी आल्यासारखं वाटतंय, जबडा ओढल्यासारखा होतोय.’ छातीत दुखतंय का विचारलं, नाही म्हणाल्या. साखरेचा त्रास आहे का, हे विचारलं नाही. घाम आलाय का, हेही नाही. पित्त असेल, म्हटलं, थोडं दूध घ्या, सकाळी ओपीडीला या. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुन्हा एकदा माफी मागून फोन ठेवला.

सकाळी त्या आल्या नाहीत. चार दिवसांनी आमच्या मावशी बोलता बोलता म्हणाल्या, बाजारपेठेतल्या अमक्या बाई गेल्या, पहाटे, झोपेतच. गाव लहान, आवाजाची ओळख पटली.

या फोनबद्दल मला मेमो आला नाही. खुलासा मागितला नाही, कोणी विचारलंही नाही. विचारणार कशावरून? कुठे लिहिलेलंच नव्हतं. बरोबर सांगितलं त्याचा कागद सरकारनं जपला, चुकीचं सांगितलं त्याचा कागदच नाही. लिहायचं असतं तर मी ‘कसंतरीच होतंय’ हे शब्द लिहिले असते, ‘जबडा’ लिहिलं असतं, आणि लिहिताना बहुतेक थांबले असते. पेन हातात असलं की माणूस आणखी एक प्रश्न विचारतो. निदान मी तरी विचारते.

तर त्या मुलीला सांगायचं ते एवढंच.

आता ठराव. परिषदेनं फोनवर काम करणाऱ्यांसाठी एक कॉल बुक छापावं. वेळ, कोण बोललं, काय म्हणालं ते त्यांच्याच शब्दांत, आपण काय विचारलं, काय सांगितलं, सही, नोंदणी क्रमांक. रुग्णाची खासगी माहिती घरात कशी सांभाळायची त्याचा नियम लागेल, तो कायदा समितीनं बघावा. रुग्णांच्या बोलीतल्या तक्रारींचा एक कोशही करू, कळ, चमक, शिळक, भडभड, धाप, गळाठा, जिल्ह्याजिल्ह्यानुसार. वऱ्हाडच्या आणि खानदेशच्या भगिनींनी शब्द पाठवावेत. कुणाकडे पाठवायचे ते ठरलं की कळवू. छपाईचा खर्च खजिनदारांनी अजून विचारलेला नाही, तोवर मी खाली बसते.

मागच्या रांगेतल्या मुलींना कोणीतरी हलवा. जेवणाची कुपनं दारापाशी मिळतील.