स्वादुपिंडातील भाऊबंदकी



मधुमेह म्हटला की लोकांस गोडखाऊपणा आठवतो, आणि एखाद्या आठ वर्षांच्या मुलास तो जडला की पहिला ठपका येतो तो त्याच्या आईवर. हा ठपका शास्त्राला मान्य नाही.

१८६९ साली बर्लिन येथे पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याने स्वादुपिंडात विखुरलेले पेशींचे पुंजके वर्णिले. त्यांतील बीटा पेशी इन्सुलिन निर्माण करतात. बालवयात बहुधा आढळणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात या पेशी मिठाईने मरत नाहीत. शरीराचे रक्षक सैन्यच त्यांजवर उलटते. १९६५ साली बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी, रोग जडल्यावर थोड्याच काळात मृत्यू पावलेल्यांची स्वादुपिंडे तपासली, तेव्हा अनेकांत त्या पुंजक्यांना श्वेतपेशींचा गराडा पडलेला दिसला.

ही भाऊबंदकी चालते कशी? श्वेतपेशी रासायनिक निरोप धाडतात. इंटरफेरॉनचा निरोप पोहोचला की बीटा पेशी आपल्या अंतरंगातील प्रथिनांचे तुकडे पृष्ठभागावर अधिकच मांडू लागते, आणि मारेकरी पेशी तिला नेमकी हेरतात. इतर निरोपांच्या जोडीने इंटरल्यूकिन-१ आले म्हणजे तिचे इन्सुलिन स्रवणे मंदावते व ती आत्मनाशाच्या मार्गास लागते. म्हणजे ती निव्वळ बळी नव्हे. आपला पत्ता तीच शत्रूला कळवते! विषाणूशी लढताना हीच रीत उपकारक असते. आनुवंशिक प्रवृत्तीचा यात वाटा आहे खरा. तथापि बहुसंख्य रोग्यांच्या निकटच्या नात्यात हा रोग नसतो, हे सोयरीक जुळवताना घराणी चाळणाऱ्यांनी ध्यानी घ्यावे.

निरोपच अडविला तर? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, धोक्याच्या छायेतील नातलगांना टेप्लिझुमॅब चौदा दिवस दिल्याने रोगाचा आरंभ सुमारे दोन वर्षे लांबला. २०२३ साली ऑस्ट्रेलियात, पेशीच्या आत निरोप पुढे नेणारी विकरे रोखणाऱ्या बॅरिसिटिनिबच्या गोळ्यांनी नव्या रोग्यांचे स्वतःचे इन्सुलिन अधिक टिकले.

मात्र नष्ट झालेल्या पेशी या औषधांनी परत येत नाहीत. म्हणून 'सुई सोडवतो' म्हणणाऱ्या काढेवाल्याच्या दारी मूल नेऊ नये. इन्सुलिन तुटल्यास काही दिवसांतच त्याच्या प्राणाशी गाठ पडते. अतितहान, वारंवार लघवी आणि झपाट्याने उतरणारे वजन दिसले, तर त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्यावी.