पोरगं अंगानं भरलंय?

मुळशीत ज्यांनी पावसाळाभर खाचरात चिखलणी-लावणी केली, त्यांची नातवंडं आज हिंजवडीत दिवसभर खुर्चीवर बसतात आणि कोपऱ्यावरच्या दुकानातही मोटारसायकलवर जातात. पोट सुटलं की आजी कौतुकानं म्हणते, 'पोरगं अंगानं भरलंय.' मला बोलायचंय ते या पोटाविषयी.

उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारं माप म्हणजे बीएमआय. युरोपातल्या गोऱ्या माणसाचा बीएमआय 30 झाला की त्याला स्थूल म्हणतात. इंग्लंडमधल्या सुमारे 15 लाख प्रौढांच्या नोंदींवरचा एक अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्या गोऱ्या माणसाला 30 वर मधुमेहाचा जेवढा धोका, तेवढा आपल्यासारख्या दक्षिण आशियाई माणसाला 23.9 वरच दिसला. 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाच्या बाबतीत हा फरक 87 किलो आणि 69 किलो असा पडतो. आता 69 किलोच्या पोराला गावात जाड कोण म्हणेल?

याचं कोडं पुण्यातच बरंचसं उलगडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय 22.3 होता. चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2! पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत 1993 पासून याज्ञिकांच्या चमूनं गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली 3.5 किलोची, पण आपल्या बाळांत कमी होते ते मुख्यतः स्नायू, पाठीवरची चरबी जवळजवळ तेवढीच. ही मुलं 18 वर्षांची झाली तेव्हा 37 टक्के मुलगे आणि 18 टक्के मुली यांची साखर सामान्य पातळीपेक्षा वाढलेली निघाली. आणि तपासलेल्या या सगळ्या मुलामुलींपैकी जवळजवळ निम्मी तर कमी वजनाची होती. मग वजन वाढलेल्यांनी निर्धास्त कसं राहायचं?

'आमच्या रक्तातच आहे' म्हणून हात झटकणं मला पटत नाही. आईचं गरोदरपणातलं पोषण, ब-12 जीवनसत्त्वाची कमतरता यांचाही यात वाटा असल्याचं याच अभ्यासातून दिसतं, आणि बैठं जगणं तर आपलंच आहे.

तेव्हा शिंप्याची टेप घ्या. कंबर पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे नको. पोराच्या मानेवर मागं काळा, मखमली पट्टा असेल तर साबणानं घासत बसू नका; तो मळ नसतो, इन्सुलिनचं काम बिघडल्याची ती खूण असू शकते. घरात कुणाला मधुमेह असेल आणि मुलाचं वजन वाढलेलं असेल, तर उपाशीपोटी साखर तपासून घ्या. ती 100 ते 125 आली तर डॉक्टरांना भेटा. या टप्प्यावर वजन उतरवलं आणि चालणं वाढवलं, तर मधुमेह टाळता किंवा लांबवता येतो.