थांबलेला खेळाडू

२२ जून २००६. जर्मनीतलं डॉर्टमुंड शहर. विश्वचषकाचा सामना ब्राझीलनं जपानविरुद्ध ४-१ असा जिंकला. खेळाडू आत निघून गेले, पण एक जण मधल्या वर्तुळात उताणा पडून राहिला. बराच वेळ उठेचना. मी ते दूरदर्शन संचावर पाहिलं आणि वाटलं, पराभव जिव्हारी लागला असावा.

तो हिदेतोशी नाकाता. अकरा दिवसांनी, ३ जुलैला, त्यानं स्वतःच्या संकेतस्थळावर एक पत्र लिहिलं. आयुष्य म्हणजे प्रवास, असं काहीसं त्याचं शीर्षक. आठव्या वर्षी, ऐन थंडीत, यामानाशीतल्या एका शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात सुरू झालेला प्रवास संपला, असं त्यात होतं. थांबायचं हे त्यानं सहा महिने आधीच ठरवलं होतं. वय अवघं एकोणतीस! ना पत्रकार परिषद, ना हारतुरे.

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. पण १९९८ साली इटलीत पेरुजियाकडून पहिल्याच सामन्यात त्यानं युव्हेंटससारख्या संघावर दोन गोल केले, आणि २००१ मध्ये रोमाच्या विजेतेपदात त्याचा वाटा होता, एवढं ठाऊक आहे. ते गोल आजही इंटरनेटवर पाहिले जातात. त्याला खेळताना कधी न पाहिलेली पोरंही पाहतात.

मला कुतूहल आहे ते त्या संकेतस्थळाचं. १९९८ च्या सुरुवातीला 'किमिगायो' या राष्ट्रगीताविषयीचं त्याचं एक विधान वृत्तपत्रात छापून आलं आणि कडव्या राष्ट्रवाद्यांनी त्याला धमक्या दिल्या. कोण गीत म्हणतो, कोण म्हणत नाही, याच्या नोंदी ठेवणारे लोक सगळ्याच देशांत असतात म्हणायचे! त्याच वर्षी त्यानं आपलं संकेतस्थळ सुरू केलं आणि चाहत्यांशी थेट बोलू लागला. आपले शब्द आपल्याच हातानं पोचवायचे. त्या काळी खेळाडूनं असं करणं नवलाचंच होतं.

वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा टोचतं. मधला माणूस नको, असं वाटायला लावण्याइतके आपण का वाईट वागतो? पण मधला माणूस नसला की उलट प्रश्न विचारणाराही कुणी उरत नाही. या दोन्हींत काय बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

पुढे तो जग फिरला. २००९ पासून जपानचे सगळे ४७ प्रांत पालथे घातले. कुंभार, शेतकरी, साके गाळणारे कारागीर यांच्या दारी जाऊन बसला. आता साकेचा प्रसार हेच त्याचं काम. मी मद्याला शिवत नाही, पण एका घरात पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या कामाबद्दलचा त्याचा आदर समजू शकतो. बाशो हा हायकूकार कवी १६८९ मध्ये पायी उत्तरेकडे निघाला होता. शिरीष पैंनी हायकू मराठीत रुजवला, तेव्हापासून हे नाव आपल्याला ओळखीचं आहे. नाकाताही त्याच वाटेचा वाटसरू वाटतो.

आमच्या कविसंमेलनांत 'शेवटची कविता' म्हणून तीन-तीन कविता वाचतात. त्यात मीही आलो. मागच्या महिन्यात सूत्रसंचालकानं हळूच चिठ्ठी सरकवली, तेव्हा मला डॉर्टमुंडचं ते वर्तुळ आठवलं. चिठ्ठी खिशात घातली आणि आणखी एक कविता वाचली.