सोबत कोण आलंय?



सरकारी रुग्णालयात केसपेपर काढताना नाव विचारतात, वय विचारतात, आणि मग खिडकीतून प्रश्न येतो, "सोबत कोण आलंय?" लैंगिक अत्याचार झालेली पारलिंगी मुलगी तिथवर पोचलीच, तर सोबत एखादी मैत्रीण असते, नाहीतर तिच्या समुदायातली गुरू. घरचं माणूस क्वचितच. घर तिनं आधीच सोडलेलं असतं, किंवा घरानं तिला.

कायद्याचं आधी सांगते. सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 रोजी पारलिंगी व्यक्तींची ओळख मान्य केली. 2019 साली त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्यात लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवर बलात्कार झाला तर किमान दहा. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी तिला बाई मानलं तर ते मोठं कलम लागू शकतं. नाही मानलं तर काय? पूर्वी निदान भारतीय दंड संहितेतल्या कलम 377 चा आधार होता. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात तसं कलमच नाही. अठराच्या आतल्यांसाठी लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पॉक्सो कायदा आहे, तो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही, एवढंच बरं.

म्हणजे बाहेरचा आधार असा तोकडा. आणि घरात? "रात्रीची तिकडं कशाला गेली होतीस?" हे तर ठरलेलंच. त्याहून वाईट वाक्य दुसरं आहे: "लहानपणी कुणी काही केलं असणार, म्हणूनच हा असा झाला." हे एकदा कानावर पडलं की मूल तोंड मिटतं. झालेला अत्याचार सांगावा, तर आपलं असणंच त्या अत्याचाराचा परिणाम ठरणार! मग सांगायचं कुणाला?

मुलगी म्हणून जन्मलेल्या, पण स्वतःला पुरुष मानणाऱ्यांच्या बाबतीत अत्याचार करणारा कधी कधी नात्यातलाच असतो. "हिला सरळ करतो" म्हणून. अशा वेळी घर बहुधा मुलाला बाहेर काढतं आणि काकाला पंगतीत बसवतं. मला विचाराल, तर आधाराची खरी परीक्षा इथं आहे. डोक्यावरून हात फिरवणं त्या मानानं सोपं.

आता कामाच्या गोष्टी. 72 तासांच्या आत रुग्णालय गाठलं, तर एचआयव्हीपासून बचावाची औषधं सुरू करता येतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. अंगावरचे कपडे धुऊ नका, प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, कागदात गुंडाळा. पोलीस तक्रार नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. आरोग्य मंत्रालयाच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तपासणी पुरुष डॉक्टरांनी करावी की स्त्री डॉक्टरांनी, हे पारलिंगी व्यक्तीनं ठरवायचं असतं. हे सगळं त्या घडीला तिला स्वतःला सुचत नाही. आई-बापानं खिडकीशी उभं राहून ठणकावलं, आणि तिनं निवडलेल्या नावानंच तिला हाक मारली, तर समोरच्याचा सूरही बदलतो.

पुढं खटला वर्षानुवर्षं चालतो. भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या माणसाला समन्स पोचत नाही, साक्ष होत नाही, आरोपी सुटतो. घरचा पत्ता मात्र बदलत नाही. मूल घरी राहत नसलं, अगदी बोलणं तुटलेलं असलं, तरी आलेला कागद वडिलांनी फोनवर वाचून दाखवला तर तारीख चुकत नाही.

एकट्यानं हे झेपत नसेल, तर मुंबईत 2017 पासून पारलिंगी-समलिंगी मुलांच्या आई-वडिलांचा 'स्वीकार' नावाचा गट आहे. त्यात बसलेले सगळे कधीतरी तुमच्याच जागी होते.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर नंबर लिहून घ्या. पोलिसांसाठी 112. कायद्याच्या सल्ल्यासाठी 15100. आणि मूल अठराच्या आतलं असेल, तर 1098.