गोळा कुठे सापडला?



भोर-वेल्ह्याच्या मातीत युद्धाचं लोखंड आणि शिसं किती मुरलं असेल, याचा विचार १७०४ सालापासून सुरू करावा. त्या वर्षी औरंगजेब स्वतः या डोंगरांत येऊन बसला होता. फेब्रुवारीत राजगड मोगलांनी घेतला आणि त्याला नबीशाहगड म्हटलं. मार्चमध्ये तोरणा पडला, त्याचं फुतुहुल्गैब झालं. गड पुढे परत आले, नवी नावं विसरली गेली. वेढा घालणारी फौज मात्र तोफा ओढत आली होती, तिने मोर्चे बांधले होते, गडावरून त्यांच्यावर मारा झाला होता. त्याआधी १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या सरदारांनी रोहिड्याच्या आणि राजगडाच्या परिसरातली गावं जाळत नेली होती. रोहिडा पुरंदरच्या तहात मोगलांकडे गेला आणि १६७० मध्ये परत घेतला गेला. एवढ्या सगळ्या हालचाली याच टापूत झाल्या. अखबार, पत्रं, बखरी यांतून त्यांच्या तारखा मिळतात, सरदारांची नावं मिळतात. पण तोफ नेमकी कुठल्या सोंडेवर चढवली होती, हे विचारलं की नुसते कागद पुरत नाहीत.

याचं उत्तर मातीत आहे. आणि ते मातीतून कसं काढायचं, याची दोन उत्तम उदाहरणं बाहेरच्या जगात आहेत.

इंग्लंडमध्ये १४८५ साली बॉसवर्थची लढाई झाली, तिसरा रिचर्ड राजा तिथे मारला गेला. ही लढाई एका ठरावीक टेकडीवर झाली, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जात होतं. ग्लेन फोर्ड या अभ्यासकाच्या पथकाने मेटल डिटेक्टर घेऊन शेतं पद्धतशीर विंचरली, तेव्हा तोफेतून उडालेले शिशाचे गोळे तिथून सुमारे तीन किलोमीटर दूर, सखल जमिनीत सापडले. एका राजघराण्याचा शेवट जिथे झाला, ती जागाच नकाशावर सरकली.

दुसरं उदाहरण अमेरिकेतल्या लिटल बिगहॉर्नचं. १८७६ मध्ये तिथे सू आणि शायेन लोकांनी लेफ्टनंट कर्नल कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. १९८३ मध्ये त्या मैदानातलं गवत वणव्याने जळालं, जमीन उघडी पडली आणि पुढच्या वर्षी डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स यांनी सर्वेक्षण सुरू केलं. डिटेक्टर चालवणारे हौशी स्वयंसेवकच होते. पण त्यांना खणायची मुभा नव्हती. मशीन वाजलं की तिथे फक्त निशाण रोवायचं. उकरणारे वेगळे, जागेचं मोजमाप घेणारे वेगळे. मग काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्यांवर बंदुकीच्या घोड्याने उमटवलेल्या खुणा सूक्ष्मदर्शकाखाली जुळवल्या गेल्या आणि एकेक बंदूक त्या दिवशी कुठून कुठे सरकत गेली, हे सांगता आलं. त्याच पुंगळ्या कुणी पिशवीत गोळा करून घरी नेल्या असत्या, तर त्यांतून यातलं काहीच कळलं नसतं.

आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकीला अशी पुंगळी नसते, हे खरं. तिच्यात दारू आणि शिशाची गोळी ठासून भरतात. तरी गोळी बोलतेच. बंदूक भरताना हातातून निसटलेली गोळी शाबूत, गोल राहते आणि ती गोळी झाडणाऱ्याची जागा दाखवते. खडकावर किंवा तटावर आदळलेली गोळी चपटी होते, ती निशाण्याची जागा दाखवते. राजगडाच्या संजीवनी माचीखालच्या उतारावर गोल गोळ्यांचा पट्टा एकीकडे आणि चपट्या गोळ्यांचा दुसरीकडे असा नकाशावर उमटला, तर १७०४ च्या वेढ्याचं एक पान प्रथमच मातीच्या साक्षीने लिहिता येईल. या परिषदेच्या अध्यक्षपदावरून जे मागणं आज मांडायचं आहे, ते याच नकाशाचं आहे.

आता यंत्राविषयी. मेटल डिटेक्टर जन्मला तो लढाईच्या अवशेषांसाठी नव्हे, तर माणसाच्या अंगात रुतलेल्या गोळीसाठी. १८८१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली, तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी ती गोळी शोधण्यासाठी असं उपकरण बनवलं. गोळी काही सापडली नाही. खाटेतल्या धातूच्या स्प्रिंगांनी उपकरणाला गोंधळात टाकलं, असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने हातात धरून चालवायचा सुरुंगशोधक तयार केला. तो १९४२ मध्ये एल अलामीनच्या वाळवंटात वापरला गेला. आजची यंत्रं त्याच कुळातली आहेत. कॉइलमधून सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत सोडलं जातं. धातू असेल तर त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि त्यांचं स्वतःचं क्षेत्र कॉइलकडे परत येतं. ते किती उशिराने येतं, यावरून लोखंड की तांबं की शिसं याचा अंदाज बांधता येतो.

सह्याद्रीत हे यंत्र सरळ वागत नाही. इथला काळा बेसॉल्ट मॅग्नेटाइट पोटात घेऊन बसलेला आहे, त्यामुळे दगडच यंत्राला धातूसारखा भासतो. जमिनीशी यंत्राचा मेळ वारंवार घालून घ्यावा लागतो, नाहीतर ते सतत किरकिरत राहतं किंवा खरा इशारा गिळून टाकतं. नाण्याएवढी वस्तू वीतभराहून फार खोल असली की बहुतेक यंत्रांना ती कळतही नाही. त्यात भर म्हणजे पर्यटकांनी टाकलेली बाटल्यांची झाकणं, शीतपेयांचे डबे आणि गुटख्याच्या पुड्यांची चांदी. ॲल्युमिनियमचा तुकडा आणि शिशाची गोळी यांचा आवाज कधीकधी इतका जवळचा असतो की मुरलेला कानही फसतो. म्हणून 'मशीन वाजलं' याला पुरावा म्हणता येत नाही.

सापडलेली वस्तू ओळखायची कशी? याला वेळ देण्यासारखं आहे, कारण इथे फसवणूक फार होते. सगळ्यांत भरवशाचं साधन तराजू आणि मापक. पाच सेंटिमीटर व्यासाचा गोळा काळ्या दगडाचा असेल तर तो दोनशे ग्रॅमच्या आत-बाहेर भरेल, ओतीव लोखंडाचा असेल तर साधारण ४७० ग्रॅम आणि शिशाचा असेल तर ७४० च्या आसपास. दीड सेंटिमीटरची शिशाची गोळी वीस ग्रॅम भरते. गंजाने लोखंड खाल्लं असेल तर वजन थोडं उतरतं, तेवढी सूट धरावी. मग पृष्ठभाग पाहावा. साच्यात ओतलेल्या गोळ्याच्या कंबरेला दोन अर्ध्या साच्यांच्या जोडाची रेघ राहते, ठोकून घडवलेल्या गोळ्यावर हातोड्याचे सपाट ठसे दिसतात. शिशावर पांढुरका थर चढतो, लोखंडाला तांबडट पोपडे येतात. आरशासारखा गुळगुळीत, नेमका गोल गोळा हातात आला तर आनंद करण्याआधी शंका घ्यावी. कारखान्यातल्या दळण-गिरण्यांत खनिज दळायला असेच पोलादी गोळे वापरतात आणि ते जगभर तोफगोळे म्हणून विकले जातात.

वजनाचं आणखी एक काम आहे. कंपनी सरकारच्या तोफा पौंडांच्या ठरलेल्या मापावर चालत : सहा, नऊ, बारा, अठरा, चोवीस. आठ किलोच्या आसपास वजनाचा आणि तेरा सेंटिमीटर व्यासाचा ओतीव गोळा म्हणजे अठरा पौंडी. तो शिवकालीन म्हणून देवळात मांडण्याआधी १८१८ आठवावं. त्या वर्षी जनरल प्रिट्झलरच्या फौजेने वेल्ह्याच्या शेजारच्या सिंहगडावर मारा केला आणि २ मार्चला गड शरण आला. त्या माऱ्यात उखळी तोफांचे पोकळ गोळेही होते, आत दारू भरलेले. आकाराच्या मानाने हलका, एका बाजूला भोक असलेला गोळा सापडला तर त्याला हात लावू नये, ठोकू नये, चुलीजवळ नेऊ नये. पोलिसांना कळवावं.

शिवराईबाबतही असाच धीर हवा. श्री राजा शिव, छत्रपति अशी अक्षरं दिसली की लोक थेट राज्याभिषेकाशी नातं जोडतात. तांब्याची शिवराई महाराजांनी पाडली हे खरं, पण त्याच धर्तीची नाणी पेशवाईच्या अखेरीपर्यंत आणि त्यानंतरही पाडली जात होती. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई या उशिराच्या काळातली. आणि कुठलंही नाणं चिंचेने, लिंबाने किंवा पितांबरीने घासू नये. घासल्यावर ते चकाकतं आणि अभ्यासकाला हवी असलेली अक्षरांची कड त्याच वेळी झिजते.

कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातल्या नगर, म्हणजे जुन्या बिदनूर गावी जे घडलं ते या विषयात कायम सांगावं असं आहे. तिथे आधी सापडलेल्या लोखंडी नळ्या तोफेचे गोळे समजून ठेवून दिल्या होत्या. नंतर त्या म्हैसूरच्या फौजेचे अग्निबाण असल्याचं ध्यानात आलं. २०१८ च्या जुलैमध्ये एका कोरड्या विहिरीच्या मातीला दारूचा वास आला, पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं आणि हजाराहून जास्त बाण निघाले. मराठ्यांच्या फौजेतही बाण होते, बाणदार होते. मावळातल्या एखाद्या घराच्या माळ्यावर गंजलेली, एका टोकाला बंद अशी नळी पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी ती कुणा जाणकाराला दाखवावी.

कोल्हापूरकडे पन्हाळ्याच्या शेजारी पावनगडावर २०२१ च्या मार्चमध्ये फलक रोवण्यासाठी खणताना चारशेहून जास्त तोफगोळे एका जागी निघाले. तिथे कुठलंही यंत्र नव्हतं. एकत्र सापडलेला असा साठा कोठाराची खूण सांगतो. तेवढेच गोळे डोंगरभर विखुरलेले मिळाले असते, तर त्यांनी माऱ्याची खूण सांगितली असती. गोळा तोच राहतो, अर्थ बदलतो.

भोर-वेल्ह्यात गुप्तधनाचं वेड जुनं आहे आणि त्याचं मूळही इथेच आहे. तोरण्याची डागडुजी करताना शिवाजीमहाराजांना पुरलेलं धन मिळालं आणि त्यातून मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही परंपरा ग्रँट डफनेही आपल्या इतिहासात नोंदवली. त्या धनाचा गड झाला, हे लोक विसरतात आणि तेवढं धन लक्षात ठेवतात. रात्री यंत्र घेऊन जोत्यात, देवळाच्या चौथऱ्यात खड्डे मारणारा माणूस इतिहासाचा प्रेमी नव्हे. त्यात अघोरी विधी शिरले तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहेच.

बाकी कायदाही स्पष्ट आहे. राजगड राज्य संरक्षित स्मारक आहे, २०२५ च्या जुलैपासून मराठा लष्करी स्थळांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशातही आहे. संरक्षित जागेत परवान्याशिवाय खणणं गुन्हा आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. आणि १८७८ चा निखात निधी कायदा सांगतो की जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर ती काय आहे, कुठे आणि कोणत्या तारखेला सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं. कळवणाऱ्याचा हक्क त्या कायद्याने राखला आहे, लपवणाऱ्याला कैद सांगितली आहे. शेतकऱ्याच्या मनात भीती असते की कळवलं तर जमीन जाईल. ही भीती घालवणं हे सरकारी अधिकाऱ्यांचं आणि इथे बसलेल्या अभ्यासकांचं काम आहे, शेतकऱ्याचं नव्हे.

कळवल्याने काय साधतं ते पाहा. इंग्लंडमध्ये १९९२ साली एरिक लॉज नावाचे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा डिटेक्टरने शोधत होते. हॉक्सन गावच्या त्या शेतात त्यांना रोमन काळातली सोन्या-चांदीची नाणी लागली. थोडंसं वर आल्यावर त्यांनी हात थांबवला आणि कळवलं. पुरातत्त्वज्ञांना सुमारे पंधरा हजार नाण्यांपैकी बहुतेक जशी ठेवली होती तशी, पेटीच्या कुजलेल्या खुणांसकट मिळाली.

असा हात थांबवणारी माणसं इथे नाहीत असं मुळीच नाही. रायरेश्वराच्या पायथ्याच्या कारी गावात जेध्यांच्या घरी जपलेली शकावली टिळकांपर्यंत पोचली, तेव्हा शिवजन्माच्या तारखेचा वाद नव्या पुराव्यावर उभा राहिला. तो कागद कुणाच्या घरचा, कुठल्या गावचा, हे माहीत होतं म्हणून अभ्यासकांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. शेतातल्या गोळीला असंच घर आणि गाव हवं.

म्हणून दोन गोष्टी या परिषदेने ठरवाव्यात. पहिली, गडसंवर्धनाच्या मोहिमेत कुणीही स्वतःहून डिटेक्टर नेणार नाही. कितीही चांगल्या हेतूने नेला तरी नाही. दुसरी, राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे रीतसर प्रस्ताव पाठवावा : राजगड आणि तोरण्याखालच्या उतारांचं सर्वेक्षण संचालनालयाच्या परवानगीने, पुरातत्त्वज्ञांच्या हाताखाली व्हावं आणि यंत्र चालवायला, निशाणं रोवायला, जागा मोजायला पाल, गुंजवणे, भोसलेवाडी, वेल्हे इथल्या तरुणांना शिकवून घ्यावं. हे डोंगर त्यांच्या पायाखालचे आहेत.

परवानगीला वेळ लागेल. तोवर प्रत्येक ग्रामपंचायतीत एक वही ठेवता येईल. नांगराला, पायाच्या खोदाईला, ओढ्याच्या काठी काही लागलं तर वस्तू जागची हलवण्याआधी फोटो, शेजारी मोजपट्टी, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश, किती खोल, मातीचा रंग, तारीख आणि ज्याला सापडलं त्याचं नाव, त्याची हरकत नसेल तर. त्या नोंदीची एक प्रत तहसील कार्यालयात, एक पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जावी. ज्यांच्या घरात आजोबांच्या काळापासून गोळा उंबऱ्याशी पडून आहे, त्यांनीही तो कुठल्या शेतातला, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आताच विचारून वहीत घालावं. दुपारच्या सत्रात वहीचा नमुना वाटला जाईल. आपापल्या गावासाठी तो घेऊन जावा आणि पेरणीची नांगरट सुरू होण्याआधी पहिली नोंद करावी.