शेवटचा हात मेणाचा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



पोटासाठी मी सॉफ्टवेअर लिहिते, पण आज बोलणार आहे मेणाबद्दल. गेली काही वर्षं सुट्टीच्या दिवशी मी लाकडाच्या छोट्या वस्तू रंगवते. कुंकवाची डबी, किल्लीला लावायची चकती, पेन ठेवायचं खोकं. त्यातून जे कळलं ते आपल्या तालुक्याच्या कामाचं आहे, म्हणून सांगते.

वारली चित्र मुळात भिंतीचं. गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग आणि टोक ठेचलेली काडी. सवासिनींनी लग्नाचा चौक लिहिला, लग्न पार पडलं, पुढे भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं. त्यात कुणाला वाईट वाटत नसे. जिव्या सोमा मशे यांच्यासारख्यांनी हे चित्र कागदावर आणि कापडावर नेलं, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आता ते लाकडी डबीवरही आलं आहे. पण डबी रोज हाताळली जाते. घाम लागतो, तेलाचा हात लागतो. पोस्टर कलरनं काढलेला तारपा ओल्या बोटानं पुसला जातो, आणि गिऱ्हाईक पुन्हा येत नाही.

म्हणून बरेच जण चकचकीत व्हार्निश मारतात. रंग टिकतो, पण पिठाच्या रेघेचा कोरडेपणा जातो आणि वस्तू प्लॅस्टिकची वाटते. मेणानं हे होत नाही. लाकूड लाकडासारखं दिसतं, हाताला मऊ लागतं आणि चमक अगदी मंद राहते.

मेण आपल्याला परकं नाही. मध काढल्यावर उरलेलं पोळं वितळवून गाळलं की झालं मेण. ते साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, म्हणून थेट विस्तवावर ठेवायचं नाही. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवायचं. मग विस्तव विझवून, भांडं उघड्यावर नेऊन, एक भाग मेणाला तीन भाग टर्पेंटाइन मिसळायचं. टर्पेंटाइनची वाफ पेट घेते, इथे घाई नको. थंड झालं की लोण्यासारखा लेप तयार.

क्रम महत्त्वाचा. रंग एक-दोन दिवस पूर्ण वाळू द्या. त्यावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात द्या. आपल्या रानातल्या पळसावर, कुसुमावर होणारी तीच ही लाख. साध्या चपड्यानं पांढरी रेघ पिवळसर दिसते, म्हणून बाजारातून पांढरी केलेली लाख घ्या. लाख वाळली की सुती फडक्यानं अगदी थोडं मेण चोळा, अर्धा तास थांबा आणि स्वच्छ फडक्यानं घासा. उलट करू नका, मेणावर लाख किंवा व्हार्निश धरत नाही.

सजावटीचं मेणही मिळतं, काळपट आणि सोनेरी. बोहाड्याच्या सोंगांच्या छोट्या लाकडी प्रतिकृतींवर ते फार खुलतं. आधी साधं मेण लावायचं, मग काळपट मेण खाचांत भरून वरचं पुसून काढायचं. डोळे, दात, भुवया उठून दिसतात. सोनेरी मेण फक्त मुकुटाच्या कडेला, बोटाच्या टोकानं. उत्सवात नाचवली जाणारी खरी सोंगं मात्र देवाची आहेत, त्यांना आपण हात लावायचा नाही.

मेणाच्या मर्यादाही आहेत. गरम कपाखाली ते मऊ पडतं आणि डाग धरतं. कपाखालच्या चकतीला बिनचमकेचं व्हार्निशच हवं. आणि आपल्या पावसात ओलं राहिलेलं लाकूड रंगवलं, तर मेण काय, काहीच वाचवत नाही.

आमच्या धंद्यात वस्तू लोकांच्या हाती जाण्याआधी तपासतात. इथेही तेच करा. पांढरं फडकं जरासं ओलं करून दहा वेळा चोळा. फडक्यावर रंग आला नाही, तरच वस्तू विकायला ठेवा.

एवढं बारकाईनं का सांगते? दिवाळी झाली की आपल्या वर्गातली काही बाकं रिकामी व्हायची, आठवतं ना? भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर घरची माणसं निघायची आणि मुलंही जायची. काही जण परत वर्गात आलेच नाहीत, आजच्या या मेळाव्यातही ते नाहीत. रंगवलेल्या डब्यांनी हे जाणं थांबेल असं मी म्हणत नाही. पण घरी बसून करता येणाऱ्या कामाला नीट भाव मिळाला, तर एखाद्या घराला जायचं की नाही याचा विचार तरी करता येईल. चित्र आपल्या लोकांना येतंच. भाव अडतो तो शेवटच्या हातावर.

म्हणून मुख्याध्यापकांना विनंती आहे की, कार्यानुभवाच्या तासाला मुलांना हे शिकवू द्या. वर्षातून दोन शनिवार मी येईन. लाकडाचे तुकडे, लाख आणि मेण यांचा खर्च आपल्या बॅचनं उचलावा, असं मी सुचवते. ज्यांना सोबत यायचं आहे, त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला भेटा.