वाकलेली पाठ आणि आपले आसन



योगेश्वरीच्या या अंबाजोगाईत योगावर बोलावयाचे, आणि बोलणारा कोण, तर ज्याचे आयुष्य मोर्चे काढण्यात व मुकादमांशी हुज्जत घालण्यात गेले असा कामगार संघटनेचा कार्यकर्ता! आपणांस हसू आले असेल तर त्यात आपला दोष नाही. आम्ही शाळेत सातवीपर्यंत गेलो. पुढचे शिक्षण उसाच्या फडात आणि रात्री कंदिलापाशी झाले. तेव्हा शास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. जे पाहिले आणि ज्यावर विचार केला, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

दसरा-दिवाळी आली की आपल्या जिल्ह्यातली गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. डाव्या हाताने ऊस धरायचा, कमरेत वाकून बुडाशी कोयता हाणायचा, पाचट काढायचे, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन गाडी भरायची. मजुरी टनावर. पाठ केव्हा वाकवावी आणि केव्हा सरळ करावी, हे ज्याची पाठ तो ठरवीत नाही, टन ठरवतो.

आमची आई संध्याकाळी कोपीवर आली की चूल पेटवण्याआधी बैलगाडीच्या चाकाशी जाई. दोन्ही हातांनी चाकाची वरची कड धरायची, पाय मागे न्यायचे आणि पाठ लांबवीत शरीराचा भार मागे सोडून द्यायचा. डोळे मिटलेले. एकदा आम्ही विचारले, "आई, हे काय करतीस?" ती म्हणाली, "दिवसभर कंबर मुकादमाची व्हती, आता जरा माझी करून घेते." पुढे कितीतरी वर्षांनी आमचीच कंबर धरली आणि आम्ही पुण्याला योगाच्या एका वर्गात गेलो. तेथे भिंतीला दोर बांधलेले होते, आणि ते धरून माणसे तशीच पाठ लांबवीत होती. आम्हांला गाडीचे चाक आठवले.

ते दोर आले कोठून? बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले. लहानपणापासून दुखण्यांनी पोखरलेले शरीर घेऊन त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. भिंत, खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळा, दोर, जे हाताशी आले ते त्यांनी आसनाच्या सेवेला लावले, म्हणजे ताठरलेल्या किंवा आजारी माणसालाही आसन साधावे. त्यांची शिस्त कडक म्हणून प्रसिद्ध होती. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ती हीच, की शिस्त आणि नवनिर्मिती एकाच माणसात नांदत होती.

कोणी म्हणेल, ऋषिमुनींनी सांगितलेल्यात आपण हात घालावा काय? आम्ही पुस्तके उघडून पाहिली. पतंजलींनी आसनाविषयी अवघी ३ सूत्रे लिहिली. आसन स्थिर असावे आणि सुखाचे असावे, एवढी त्यांची अट. पाय कोठे आणि हात कोठे, हे ते सांगतच नाहीत. 'हठयोगप्रदीपिके'त १५ आसनांचे वर्णन आहे, 'घेरंडसंहिते'त ३२, आणि अय्यंगारांच्या १९६६ च्या 'लाइट ऑन योगा'त २००. ही वाढ आकाशातून पडली नाही. कोणाच्या तरी शरीराला काही हवेसे वाटले, त्याने शोधले, पारखले आणि पुढच्याला दिले. ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती अशा शोधांची रास आहे.

२०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होतो. अशाच एका योगदिनी आम्ही तोडीवरून परतलेल्या काही भगिनींना एका मैदानावर नेले. शिकवणारे गृहस्थ म्हणाले, "पुढे वाका, पायाची बोटे धरा." एक मावशी उठून उभ्या राहिल्या. "दादा, सहा महिने वाकूनच आलो की आम्ही. आता ताठ व्हायचं काहीतरी सांगा." सगळे हसले; पण गृहस्थ भले होते, हसता हसता थांबले. मग सगळे लिंबाच्या झाडाखाली गेले. लुगडी नेसलेल्या बायांना जमिनीवर पालथे पडणे अवघड वाटत होते, म्हणून बुंध्याला हात टेकून छाती उघडायची असे ठरले. एकीचा खांदा वर जात नव्हता. तिने एकच हात टेकला. श्वासाला आकडे मोजण्याऐवजी कोणी जात्यावरची ओवी धरली, सावकाश सोडलेल्या एकेका श्वासात एकेक चरण. त्या दिवशी तक्त्यावरची सगळी आसने झाली नाहीत. पण त्या बाया दुसऱ्या दिवशी न बोलावता आल्या.

ओवीचेच पाहा. तिचा साचा साऱ्यांचा. पण त्यात माहेर घालावे, लेक घालावी की विठ्ठल घालावा, हे दळणारी ठरवी. आपल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी त्याच साच्यात बाबासाहेब आंबेडकरांना गायिले. त्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या आहेत. साचा मोडला नाही, आणि उसनेही काही घेतले नाही. योगाभ्यासातली निर्मिती आम्ही हिलाच म्हणतो.

मात्र मनाला येईल तशी अंगे पिरगाळणे म्हणजे निर्मिती नव्हे. ज्याला ओवीचा ठेका ठाऊक नाही त्याची ओवी लंगडते. आधी जाणत्याकडून नीट शिकावे. मान दुखत असेल किंवा रक्तदाब वाढलेला असेल, तर शीर्षासनाची हौस करू नये. कळ आली, श्वास अडखळला, की तेथेच थांबावे. रोजचा ठरलेला अभ्यास झाला की दहा मिनिटे मात्र स्वतःसाठी राखावी आणि अंगाला विचारावे, आज काम तुला कोणीकडे ओढून गेले? मग हळूहळू उलट्या दिशेने यावे. शिंपी, कारकून, मोटार हाकणारा, प्रत्येकाचे उत्तर निराळे येईल.

आणि एक गोष्ट संघटनेचा माणूस म्हणून सांगितल्यावाचून आम्हांला राहवत नाही. योग हा मजुरीला, विश्रांतीला किंवा वैद्याला पर्याय नव्हे. पोटाला कमी द्यायचे आणि वर प्राणायाम शिकवायचा, हा व्यवहार आम्हांस मान्य नाही. पण आमचा अनुभव असा आहे, की आपली पाठ आपली आहे हे ज्याला एकदा उमगले, तो त्या पाठीचा मोबदलाही नीट मागू लागतो. त्या लिंबाखालच्या मावशी पुढच्या हंगामाआधी मुकादमाशी उचलीचा हिशेब करायला स्वतः बसल्या. त्यांना ते कोणी शिकवले नव्हते.